वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरने बाहेर काय दाखवावं?

लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, हार्डवेअर चालवणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. तो लिहिण्यावरच्या लेखानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता. ड्रायव्हर चालतो, पण त्यातल्या सोयी ॲप्लिकेशनपर्यंत कशा पोचवायच्या? आणि एकदा पोचवल्या की त्यात बदल कसा करायचा? माझ्या कामात मला सगळ्यात जास्त जिव्हाळा याच गोष्टीचा आहे. त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, आम्ही नाशिकजवळ द्राक्षांच्या शीतगृहांसाठी लिनक्सवर चालणारा कंट्रोलर बनवतो. तापमान आणि आर्द्रता मोजणारी चिप आयटूसीवर (चिपा जोडायच्या दोन तारांच्या बसवर) आहे, ड्रायव्हर आमचाच आहे. त्यात दोन आयऑक्टल (ॲप्लिकेशनने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञा) ठेवले आहेत : एक चिपमधलं रजिस्टर वाचायला, एक लिहायला. बाकी गणित ॲप्लिकेशन करतं. हे छान चाललं होतं. आता ती चिप मिळेनाशी झाली म्हणून दुसरी घेतली, तर ड्रायव्हरबरोबर अख्खं ॲप्लिकेशनही बदलावं लागतंय. बसवलेल्या कंट्रोलरसाठी जुनं ॲप्लिकेशनही सांभाळायचंय. इंटरफेस नव्याने करायचा तर कसा करावा?
— एम्बेडेड इंजिनियर, नाशिक

उत्तर : तुमच्या ड्रायव्हरने चिप झाकलीच नाही. त्याने आयटूसीची तार सरळ ॲप्लिकेशनच्या हातात दिली. तेवढंच हवं असेल तर कर्नलमध्ये आयटूसी-डेव आहेच, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर कशाला? कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या बिटात काय आहे हे ॲप्लिकेशनला कळलं, की चिप ॲप्लिकेशनमध्ये जाऊन बसते आणि मग ती तिथून निघत नाही.

म्हणून नव्या ड्रायव्हरची सुरुवात डेटाशीटपासून करू नका. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला शेजारी बसवा आणि ज्या प्रोग्रामला हा ड्रायव्हर लागणार आहे तो आधी लिहून काढा. वीस-पंचवीस ओळींचा, कच्चा, कम्पाइल न होणारा असला तरी चालेल. माझ्या टीममध्ये हे कागद पुढे आल्याशिवाय ड्रायव्हरची पहिली ओळ लिहिली जात नाही. तुमच्या प्रोग्रामला काय हवंय? खोलीचं तापमान किती, आर्द्रता किती, आणि तापमान अमुक अंशाच्या वर गेलं तर सांगा. यात रजिस्टर कुठेच नाही. चिप कुठल्या कंपनीची आहे तेही नाही. तुमचा इंटरफेस तेवढाच.

आता पुढचं पाऊल : असा इंटरफेस आधीपासून आहे का ते बघा. तुमच्या बाबतीत आहे. कर्नलमध्ये हार्डवेअर मॉनिटरिंगची, म्हणजे एचडब्ल्यूमॉनची, उपप्रणाली आहे. ती सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइलसिस्टिममधून मोजमापं फाइलींसारखी दाखवते. तिथे तापमानाच्या फाइलचं नाव ‘टेम्प१_इनपुट’ असतं, आणि त्यात आकडा सेल्सिअस अंशाच्या हजाराव्या भागात येतो. द्राक्षांची खोली उणे अर्ध्या अंशावर असेल तर ती फाइल वाचल्यावर ‘-५००’ मिळेल. दशांशचिन्ह नाही, ‘सी’ अक्षर नाही, नुसता पूर्णांक आणि नवी ओळ. आर्द्रतेसाठी ‘ह्युमिडिटी१_इनपुट’, तिथे टक्क्याचा हजारावा भाग. वरची मर्यादा ‘टेम्प१_मॅक्स’मध्ये लिहायची, ती ओलांडली की ‘टेम्प१_मॅक्स_अलार्म’ एक होतो.

यातून काय साधतं ते बघा. एलएम७५ या जुन्या चिपचा एक बिट अर्ध्या अंशाचा, टीएमपी१०२ चा ०.०६२५ अंशाचा. दोघींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत आणि दोघींकडूनही युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना, हजारांशच मिळतात. बिटाची किंमत, उणे आकड्याचं चिन्ह, कुठला बाइट आधी हे सगळं ड्रायव्हरच्या आत मिटतं. तुमची खोली शून्याच्या खाली जाते, त्यामुळे चिन्हाचा गोंधळ ॲप्लिकेशनमध्ये ठेवणं फार महागात पडेल. एखाद्या चिपमध्ये बारा बिटांचा उणे आकडा सोळा बिटांत वेगळ्या बाजूला सरकवलेला असतो, आणि हे ज्याला ठाऊक असायला हवं तो ड्रायव्हर लिहिणारा आहे. पडद्यावर हिरवा-लाल दिवा दाखवणाऱ्याला ते ठाऊक असायची गरज नाही.

दुसरी उपप्रणाली आयआयओ (इंडस्ट्रियल आय/ओ). तिथे ‘रॉ’, ‘ऑफसेट’ आणि ‘स्केल’ अशा फाइली असतात. कच्च्या आकड्यात ऑफसेट मिळवायचा, स्केलने गुणायचं, की ठरलेल्या एककात उत्तर. सेकंदाला हजारो नमुने बफरमध्ये भरून घ्यायचे असतील, टायमरने किंवा बाहेरच्या ट्रिगरने मोजमाप सुरू करायचं असेल, तर तिकडे जा. खोलीचं तापमान काही सेकंदांनी एकदा बघायचंय, तुम्हाला एचडब्ल्यूमॉन पुरे.

तीन गोष्टी मात्र जपा. एक, ‘एचडब्ल्यूमॉन२’ यातल्या २ वर कधीही विसंबू नका. ड्रायव्हर कुठल्या क्रमाने उठले त्यावर तो आकडा ठरतो, उद्या एखादं यंत्र जास्त जोडलं की सरकतो. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘नेम’ नावाची फाइल असते, ती वाचून आपली चिप शोधा, आणि एकाच प्रकारच्या दोन चिपा असतील तर ‘डिव्हाइस’ दुव्यावरून ती कुठल्या बसवर आहे ते बघा. दोन, अलार्मसाठी ॲप्लिकेशनला दर सेकंदाला फाइल वाचायला लावू नका. चिपची अलार्मची पिन इंटरप्टला जोडलेली असेल तर ड्रायव्हर त्या फाइलवर सूचना पाठवू शकतो आणि ॲप्लिकेशन पोल करून निवांत झोपू शकतं. तीन, फाइली ड्रायव्हरने नंतर हाताने तयार करू नयेत. ॲट्रिब्यूट ग्रुप डिव्हाइस नोंदवतानाच द्यावा. नाहीतर नवं डिव्हाइस आल्याची बातमी युडेवला (नव्या डिव्हाइसला नियम लावणाऱ्या प्रोग्रामला) आधी जाते आणि फाइली मागून येतात. मग युडेवचा नियम कधी लागतो, कधी लागत नाही. शीतगृहात वीज गेली-आली की दहा वेळा नीट आणि अकराव्या वेळी बंद, असा बग यातून तयार होतो, आणि तो शोधणं अतिशय त्रासाचं असतं.

आणि जुन्या कंट्रोलरचं काय? पहिल्या चिपच्या ड्रायव्हरलाही एचडब्ल्यूमॉनचा इंटरफेस जोडा. जुने आयऑक्टल तिथे तसेच राहू द्या. नवं ॲप्लिकेशन दोन्ही चिपांवर न बदलता चालेल, जुनं ॲप्लिकेशन जिथे आहे तिथे चालत राहील. शेवटचं शीतगृह नव्यावर आलं याची खात्री झाली की मग आयऑक्टल काढा. नव्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये ते मुळीच घालू नका. ‘डीबगिंगला बरं पडतं’ म्हणून कुणी आग्रह धरेल. त्यांना डीबगएफएस, म्हणजे डीबगिंगच्याच फाइलींसाठी कर्नलमध्ये ठेवलेली जागा, दाखवा.

प्रश्न : आमचं कार्ड कंपनाचे सिग्नल वेगाने गोळा करतं. सिसएफएसच्या फाइली आम्हाला पुरणार नाहीत, आयऑक्टल लागणारच. स्ट्रक्चरमध्ये (आयऑक्टलबरोबर जाणाऱ्या माहितीच्या साच्यात) पुढच्यासाठी ‘रिझर्व्ह्ड’ जागा सोडाव्यात असं काहीजण सांगतात, काहीजण म्हणतात व्हर्जन नंबर ठेवा. तुमचं मत काय?
— वाचक, चिंचवड

उत्तर : रिझर्व्ह्ड जागा जरूर सोडा, पण त्या शून्य आहेत का हे पहिल्या दिवसापासून तपासा. शून्य नसेल तर ईइनव्हॅल हा ‘किंमत चुकीची’ असा एरर परत करा. हे तपासणं राहिलं तर सोडलेल्या जागेचा काहीच उपयोग नाही. कारण लोक स्ट्रक्चर स्टॅकवर घेतात आणि पुसत नाहीत, त्या जागी कचरा असतो. आज तुम्ही तो कचरा मुकाट्याने चालवून घेतलात, की उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही. तुम्ही अर्थ दिलात की ज्यांचा प्रोग्राम कालपर्यंत नीट चालत होता त्यांचा आज बिघडेल.

हे फाइल उघडायच्या ओपन या सिस्टिम कॉलच्या बाबतीत खरंच घडलंय. त्याला न कळणारे फ्लॅग तो मुकाट्याने सोडून देतो. त्यामुळे २०१३ मध्ये कर्नल ३.११ मध्ये ओ_टीएमपीफाइल हा फ्लॅग आणताना तो मुद्दाम ओ_डिरेक्टरी या जुन्या फ्लॅगशी जोडून बनवावा लागला. जुना कर्नल तो संयोग बघून नकार देईल आणि प्रोग्रामला कळेल की ही सोय इथे नाही, एवढ्यासाठी ही कसरत. शेवटी २०२० मध्ये ५.६ मध्ये ओपनॲट२ आला. तो अनोळखी फ्लॅग नाकारतो आणि स्ट्रक्चरबरोबर त्याचा आकारही मागतो. जुन्या प्रोग्रामने छोटं स्ट्रक्चर दिलं तर कर्नल उरलेलं शून्य धरतो. नव्या प्रोग्रामने जुन्या कर्नलला मोठं दिलं आणि जास्तीच्या भागात शून्याखेरीज काही असलं, तर कर्नल स्वच्छ नकार देतो. आज नवा इंटरफेस करणाऱ्याने हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवावा.

व्हर्जन नंबरच्या मी विरोधात आहे. एका आकड्याने काहीच सांगून होत नाही. तुमचा प्रोग्राम व्हर्जन ३ बघतो आणि त्यावरून चार सोयी आहेत असं गृहीत धरतो. पण कुणीतरी व्हर्जन २ च्या कर्नलमध्ये त्यातल्या दोनच सोयी मागे ओढून आणलेल्या असतात. त्यापेक्षा सोय मागून बघावी, नसेल तर ठरलेला एरर यावा. माहीत नसलेल्या आयऑक्टलला ई-नॉट-टीटीवाय, माहीत असलेल्याला चुकीची किंमत दिली तर ईइनव्हॅल. हा फरक काटेकोर ठेवा, कारण प्रोग्राम लिहिणारा त्यावरूनच ‘जुना कर्नल’ आणि ‘माझी चूक’ यांतला फरक ओळखतो.

आता स्ट्रक्चरच्या मांडणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चुका इथेच होतात आणि पुनरावलोकनात दिसत नाहीत. जीपीआयओचा (बोर्डावरच्या साध्या चालू-बंद पिनांचा) कॅरेक्टर डिव्हाइस २०१६ मध्ये कर्नल ४.८ मध्ये आला. पिनवर काही घडलं की तो एक छोटं स्ट्रक्चर देई : ६४ बिटांचा टाइमस्टॅम्प आणि त्याच्या मागे ३२ बिटांचा आयडी. आठ अधिक चार, बारा बाइट. बघायला किती साधं! पण ६४ बिटांच्या कर्नलवर आठ बाइटांची संख्या आठच्या पटीतच बसते, म्हणून कम्पायलर शेवटी चार बाइट भरीचे घालतो आणि स्ट्रक्चर सोळाचं होतं. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर मात्र तीच संख्या चारच्या पटीत बसते, तिथे स्ट्रक्चर बाराचंच राहतं. ३२ बिटांच्या एआरएमवर पुन्हा सोळा. म्हणजे ६४ बिटांच्या पीसीवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालवला, की तो बारा बाइट मागतो आणि कर्नल सोळा द्यायला बघतो. यासाठी कर्नलमध्ये वेगळा तुकडा घालावा लागला : विचारणारा प्रोग्राम ३२ बिटांचा आहे का हे बघून बारा बाइट देणारा. आणि २०२० च्या डिसेंबरात ५.१० मध्ये या सगळ्या आयऑक्टलांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात मांडणी सगळीकडे सारखी आहे आणि पुढच्यासाठी ठेवलेल्या पॅडिंगच्या जागा नावानिशी लिहिल्या आहेत. पहिली आवृत्ती बदलली नाही, ती तशीच ठेवून शेजारी दुसरी उभी केली.

म्हणून फील्डचे प्रकार नेहमी ठरलेल्या रुंदीचे घ्या, कर्नलचे यू३२ आणि यू६४. लाँग नको, पॉइंटर नको, ईनम नको. पॉइंटर द्यायचाच असेल तर यू६४ मध्ये घालून द्या. ६४ बिटांचे फील्ड आठच्या पटीत आणा, एकूण आकारही आठच्या पटीत आणा, आणि मध्ये पोकळी राहत असेल तर तिथे पॅडिंगचं फील्ड स्वतः लिहा, कम्पायलरवर सोपवू नका. मग ‘पाहोल’ हे साधन ऑब्जेक्ट फाइलवर चालवून बघा. प्रत्येक फील्ड कितव्या बाइटला आहे आणि पोकळी कुठे आहे हे ते ओळीओळीने सांगतं. माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच आठवड्यात त्याचंच स्ट्रक्चर पाहोलमधून दाखवते, एकदा ३२ बिटांसाठी आणि एकदा ६४ साठी. दोन्ही छापलेले कागद शेजारी ठेवले की पुढे काही समजावावं लागत नाही. पोकळीचा आणखी एक धोका : स्ट्रक्चर भरण्याआधी पूर्ण शून्य केलं नाही, तर पोकळीतून कर्नलच्या स्टॅकवरचे उरलेसुरले बाइट युजरस्पेसला जातात. ती सुरक्षेतली गळती आहे.

एक बारकी गोष्ट राहिली. आयऑक्टलच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा आकार चौदा बिटांत दडलेला असतो. स्ट्रक्चर वाढवलंत तर क्रमांकच बदलतो, आणि जुना प्रोग्राम जो क्रमांक पाठवतो तो ड्रायव्हरला अनोळखी होतो. वाढवायचं असेल तर जुना क्रमांकही स्वीच-केसमध्ये जिवंत ठेवा.

प्रश्न : ताई, मी सांगलीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पायवर माझी स्क्रिप्ट सिसएफएसच्या जीपीआयओच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये १७ लिहून एलईडी लावायची. अपडेट केल्यावर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं. युजरस्पेस मोडायचं नाही हा कर्नलचा नियम आहे ना? मग हे कसं झालं?

उत्तर : तुझी स्क्रिप्ट ५२९ लिहून बघ, चालेल. त्या फाइलमधला आकडा बोर्डावरच्या पिनचा नव्हता. तो सगळ्या जीपीआयओ चिपांना मिळून कर्नलने आत दिलेला क्रमांक होता, आणि पायवर पहिली चिप शून्यापासून सुरू होत असल्याने दोन्ही जुळत होते. नव्या कर्नलात कर्नलने स्वतः वाटलेले क्रमांक ५१२ पासून सुरू होतात. पायवर ६.६ कर्नल आला तेव्हा ते दिसलं. ५१२ अधिक १७.

नियमाबद्दल तू विचारलंस ते योग्यच आहे. फाइल आहे, ती चालते, फक्त क्रमांक सरकला, त्यामुळे कागदावर काही मोडलं नाही असं म्हणता येईल. मला ते पटत नाही. इतक्या लोकांनी, शिक्षकांनी, पुस्तकांनी १७ लिहिलं होतं, त्यांच्यासाठी ते मोडलंच. मूळ दोष २००८ मधल्या कर्नल २.६.२७ चा आहे : आतला हिशेबाचा आकडा बाहेर दाखवला. जो आकडा कायम ठेवायची तयारी नाही तो दाखवायलाच नको होता.

५२९ लिहून थांबू नकोस मात्र. हा इंटरफेस कर्नलच्या कागदपत्रांत कालबाह्य म्हणून नोंदलेला आहे. जीपीआयओडी लायब्ररीची साधनं घाल. ‘जीपीआयओइन्फो’ चालवलंस की ओळींची नावं दिसतील, त्यात ‘जीपीआयओ१७’ सापडेल. लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीतला ‘जीपीआयओसेट’ हेच नाव घेतो, क्रमांक लागतच नाही. एक फरक लक्षात ठेव : प्रोग्राम संपला की ओळ सुटते, त्यामुळे एलईडी लावून ठेवायचा असेल तर प्रोग्राम चालू राहिला पाहिजे. सिसएफएसमध्ये प्रोग्राम मेला तरी पिन तशीच अडकून राहायची आणि कुणी अडकवली ते कळायचं नाही. मोटर जोडलेली असेल तेव्हा या फरकाची किंमत कळते.

प्रश्न : आमच्या ड्रायव्हरमधली एक फाइल व्होल्टेज चुकीच्या एककात देते. दुरुस्त केलं तर ग्राहकांचे प्रोग्राम बिघडतील, कारण त्यांनी चूक गृहीत धरून आकडा हजाराने गुणला आहे. बग दुरुस्त करायचा नाही का?
— वाचक, हैदराबाद

उत्तर : करायचा, पण त्या फाइलमध्ये नाही. योग्य एककाची दुसरी फाइल काढा, जुनी तशीच राहू द्या, ती का टाळावी हे लिहून ठेवा. तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असेल आणि त्या फाइलचं एकक कागदपत्रांत आधीच ठरलेलं असेल, तर मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) कदाचित फाइलच दुरुस्त करायला सांगेल. कारण एकक पाळणारे सर्वसाधारण प्रोग्राम तुमच्या चिपवर आजही चुकीचं दाखवत असणार. दोन्ही बाजूंना वापरणारे आहेत. जास्त नुकसान कुणाचं होतं ते मोजा.

जुनं नाव जपल्याचं एक चांगलं उदाहरण थिंकपॅडच्या ड्रायव्हरमध्ये आहे. बॅटरी किती टक्क्यांवर चार्ज व्हायची थांबावी याची सोय तिथे आधी स्वतःच्या नावाने आली. पुढे पॉवर सप्लाय वर्गात सगळ्या लॅपटॉपांसाठी ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ हे समान नाव ठरलं. ड्रायव्हरने नवं नाव घेतलं आणि जुन्या नावाची फाइलही ठेवली. आत दोन्ही एकाच फंक्शनला जातात. खर्च दहाएक ओळींचा.

एरर कोडसुद्धा इंटरफेसचाच भाग आहे. २०१२ च्या डिसेंबरात, ३.८ च्या तयारीत, कॅमेऱ्यांच्या बाजूच्या एका बदलाने आयऑक्टलमधून ई-नो-एंट हा ‘असं काही नाही’ म्हणणारा एरर यायला लागला आणि डेस्कटॉपवरचे आवाजाचे प्रोग्राम बिघडले. दोष त्या प्रोग्रामांचा आहे असा बचाव झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो फेटाळला, अतिशय कडक शब्दांत. शब्द तेवढे कडक असायला नको होते असं माझं मत आहे, पण निर्णय बरोबर होता. प्रोग्राम वाईट लिहिलाय की चांगला हा प्रश्नच नाही, तो काल चालत होता आणि आज चालत नाही. त्याआधी पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनाच्या बाबतीतही तेच. कर्नलमधल्या घटना टिपणाऱ्या ट्रेसपॉइंटच्या नोंदीतलं निरुपयोगी झालेलं एक फील्ड काढलं, पॉवरटॉप बाइट मोजून वाचत होता, त्याचं गणित सरकलं. फील्डची जागा परत द्यावी लागली. ‘हे इंटरफेस म्हणून दिलंच नव्हतं’ हे म्हणणं कुणी वापरायला लागल्यावर टिकत नाही, आणि म्हणूनच मी नवीन फाइल काढताना इतकी हात आखडून वागते.

प्रश्न : बाहेरचं इतकं जपायचं, तर कर्नलच्या आतली फंक्शनं दर आवृत्तीला का बदलतात? आमचा बाहेर ठेवलेला ड्रायव्हर दर वेळी दुरुस्त करावा लागतो.
— वाचक, कोथरूड

उत्तर : आतलं बदलता येतं म्हणूनच बाहेरचं जपता येतं. कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर लिहिलेला कागद कर्नलच्या कागदपत्रांतच आहे, तो वाचा. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेला की आतलं फंक्शन बदलणाराच तुमची ओळही बदलून देतो. पाठवा.

प्रश्न : ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पाठवताना नव्या सिसएफएस फाइलीचं ‘एबीआय’ (प्रोग्रामांना दिसणाऱ्या इंटरफेसचं) कागदपत्र मागितलं. त्यात काय लिहायचं असतं? हे नुसतं उपचारापुरतं आहे का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही, आणि मला तर कोडपेक्षा तेच आधी वाचायला आवडतं. कर्नलच्या कागदपत्रांत एबीआय नावाचं फोल्डर आहे, त्यात चार कप्पे : स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलिट, रिमूव्ह्ड. स्टेबलमधला इंटरफेस किमान दोन वर्षं तसाच राहील अशी हमी असते, प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी जास्त टिकतो. नवीन फाइल बहुधा टेस्टिंगमध्ये जाते. नोंदीत फाइलचा मार्ग, महिना, कर्नलची आवृत्ती, संपर्क आणि वर्णन असतं.

वर्णनात लोक ‘फॅनचा मोड ठरवते’ एवढं लिहून मोकळे होतात. त्याचा काय उपयोग? असं लिहा : कुठल्या किमती चालतात, एकक काय, वाचता येते की लिहिता येते की दोन्ही, चालणारी नसेल ती किंमत लिहिली तर कुठला एरर येतो, सस्पेंड होऊन परत आल्यावर किंमत टिकते का, मशीन बंद करून सुरू केल्यावर टिकते का. ‘मोड’मध्ये ०, १, २ असे आकडे ठेवण्यापेक्षा ‘ऑटो’, ‘शांत’, ‘पूर्ण’ अशा अर्थाचे शब्द घ्या. उद्या चौथा मोड दोघांच्या मधे आला तर आकड्यांचा क्रम बिघडतो, शब्दांचा नाही. आणि एका फाइलमध्ये एकच किंमत. तक्ता छापू नका. छापलात तर कुणीतरी तिसरा रकाना कापून घेणारी स्क्रिप्ट लिहील, आणि मग तुम्हाला मध्ये नवा रकाना कधीच घालता येणार नाही.

हे सगळं लिहिताना एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच देता आलं नाही, तर फाइल अजून पाठवण्याजोगी झालेली नाही. सस्पेंडबद्दलच्या प्रश्नावर बहुतेक जण अडतात. ग्राफिक्सवाले तर आणखी पुढे जातात : नव्या इंटरफेसबरोबर तो खरोखर वापरणारा मुक्त स्रोताचा युजरस्पेस कोड तयार आणि तपासलेला असल्याशिवाय ते पॅच घेतच नाहीत. खेळण्यातला चाचणी प्रोग्राम चालत नाही. हा नियम प्रत्येक उपप्रणालीने घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

नोंदीत ‘युजर्स’ असाही एक रकाना असतो. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. टेस्टिंगमधल्या इंटरफेससाठी तो मुद्दाम ठेवलेला आहे : तुमचा प्रोग्राम त्या फाइलवर अवलंबून असेल तर तिथे नाव घाला, म्हणजे बदल करायची वेळ आली की मेंटेनरला तुम्हाला आधी कळवता येईल. तुम्ही ड्रायव्हर पाठवताय, तर तुमच्याच सेटिंग्जच्या ॲपचं नाव पहिलं लिहा.